समोरच्याचा शब्द

मठाच्या पडवीत बसल्या बसल्या बाबांनी पिशवीतून आरसा काढला आणि खांबाला टेकवून ठेवला. मग सफेद्याची डबी काढली, पिवडी, काजळ, आणि शेवटी जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला मुकुट. सबंध प्रवासात ती पिशवी माझ्या मांडीवर होती. तिच्यात गुणासाठी फणसाची साठं असतील असं मी धरून चालले होते.

"बाबा, ह्या कित्याक?"

"झिलाक भेटूक इलंय," ते म्हणाले. "रंग लावल्याबिगर तो माका वळखूचो नाय."

माझे वडील लवू मेस्त्री दशावतारी होते. तळकोकणातल्या जत्रांतून त्यांचा राजा लोकांना ठाऊक होता. गुणाजी माझा धाकटा भाऊ. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो त्यांच्यासमोर राणी होऊन उभा राहायचा. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथा तेवढी ठरलेली. राजाने काय म्हणायचं आणि राणीने त्यावर काय उत्तर द्यायचं, हे तिथल्या तिथे सुचावं लागतं. म्हणून आमच्या कंपनीत एक नियम मालकापासून झांजवाल्यापर्यंत सगळ्यांना सारखा होता. समोरच्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. त्याने काहीही टाकलं तरी झेलायचं. गुणाला बाराखडीच्या आधी हे शिकवलेलं.

आई गेली त्या वर्षी गुणाने कंपनी सोडली. हंगाम संपल्यावर पेटारे आवरताना त्याने राणीचं लुगडं नीट घडी घालून ठेवलं, येतो म्हणाला आणि गेला, तो डोंगरापलीकडच्या ह्या मठात राहिला. आता त्याला संन्यास घ्यायचा होता. मठाच्या स्वामींनी निरोप धाडला होता की, आईवडिलांच्या संमतीशिवाय आम्ही दीक्षा देत नाही. आई नाही, तेव्हा वडिलांनी समक्ष येऊन हो म्हणावं, नाहीतर मुलाला घेऊन जावं. दुपारी ओढ्यावर विधी होता. त्यात संन्यास घेणारा स्वतःचं श्राद्ध स्वतः घालतो, स्वतःच्या नावाने पिंड ठेवतो. त्यानंतर तो कुणाचा मुलगा नाही, कुणाचा भाऊ नाही. बाप मेला तरी चितेला आग द्यायला तो येत नाही.

माझी समजूत अशी की बाबा नाही म्हणतील आणि संध्याकाळच्या गाडीने आम्ही तिघं घरी जाऊ. मलाही तेच हवं होतं. गुणा गेल्यापासून आमच्या घरात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं.

स्वामी बाहेर आले. वय झालेला, सुकलेल्या अंगाचा माणूस, पण डोळे मिश्कील. मुकुट बघून ते हसले. लहानपणी आपण देवळाच्या अंगणात घोंगडं पांघरून नाटक बघायला बसायचो आणि राक्षस मरायच्या आत हमखास झोपायचो, असं त्यांनी सांगितलं. मग खाली बसले आणि बाबांचं काय ठरलं ते विचारलं.

बाबांनी सरळ उत्तर दिलं नाही. सफेद्याच्या डबीचं झाकण उघडत म्हणाले, "महाराज, माझो झील नाटकी आसा. सोंग घेवक मीच शिकवलंय त्येका. दाढी लावन ऋषी झालो, तेवा म्हाताऱ्यो बायलो पाया पडल्यो त्येच्या. भगवी वस्त्रां आमच्या पेटाऱ्यातय आसत. तुमका फसवता असा माझा म्हणणा नाय. तो आपणाकच फसवता."

"असेल," स्वामी म्हणाले. "मग नाही म्हणा. तो मुकाट्याने तुमच्याबरोबर येईल. तसं त्याने मला सांगितलंय."

"मुकाट्यान येवन घरात बसलो, तर ताय सोंगच."

स्वामींच्या डोळ्यांतला मिश्कीलपणा गेला.

बाबांनी आपला बेत सांगितला तेव्हा मलाही तो पहिल्यांदाच कळला. दीक्षेआधीचं मौन गुणाने धरलेलं होतंच. बाबा म्हणाले, मी रंग लावून त्याच्यासमोर उभा राहतो आणि राजाचा शब्द टाकतो. आतला नट खरंच मेला असेल तर तो गप्प बसेल. मग माझी संमती, पुन्हा ह्या वाटेला येणार नाही. पण एक जरी शब्द बोलला तरी तो अजून माझी राणी आहे. मग आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर घरी, आणि तुम्ही त्याला परत ठेवून घ्यायचं नाही.

स्वामींनी अट मान्य केली आणि गुणाला बोलावणं पाठवलं.

तो आला तेव्हा मी आधी त्याला ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, अंगावर पांढरा पंचा, चाल मात्र तीच. डावा पाय आधी टाकायची राणीची सवय त्याच्या चालीतून गेली नव्हती. त्याने माझ्याकडे बघितलं. स्वामींनी अट सांगितली. कुठेही मऊ न करता, बाबांच्या शब्दांत सांगितली. गुणाने मुकुटाकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि मान हलवली. अंगणाच्या मधोमध जाऊन तो मांडी घालून बसला, हात गुडघ्यांवर.

बाबा रंग लावू लागले. तेवढ्यात मठातली माणसं जमली. चारपाच शिष्य, गोठ्याकडची एक बाई, हात पुसत आलेला आचारी. सफेदा कपाळावर चढला, गालांवर उतरला. लहानपणापासून हे मी पेटाऱ्यावर बसून बघत आलेय. भुवया होईपर्यंत ते बाबा असायचे. भुवया झाल्या की माझं बोलणं त्यांना ऐकू यायचं नाही, आणि एकदा मुकुट डोक्यावर चढला की कंपनीत कुणीही त्यांना नावाने हाक मारायचा नाही. त्या दिवशी उजवी भुवई दोनदा पुसून काढावी लागली.

मुकुट चढवून ते अंगणात उतरले. पेटी नाही, मृदंग नाही. पायातल्या पायात ठेका धरून त्यांनी एक फेरी घेतली आणि गुणासमोर थांबले.

राजा सुकीर्त आणि राणी हेमवती यांचं ते आख्यान आमच्याच कंपनीचं होतं. राज्यात दुष्काळ पडलाय, प्रजेसाठी तप करायला राणी अरण्यात निघालीय, आणि राजा तिला वेशीवर अडवतोय. ह्या निरोपाच्या प्रवेशासाठी बायका मुलांना उठवून बसवायच्या. दर जत्रेत राजा वेगळं अडवायचा आणि राणी वेगळं उत्तर देऊन निघून जायची. तिला थांबवणं राजाला कधीच जमलेलं नव्हतं.

"राणी हेमवती," राजाने हाक मारली. "रथ वेशीपाशी उभा राहतो, आणि आम्हाला ती बातमी सेवकाच्या तोंडून कळावी?"

गुणा गप्प.

राजाने वाट बघितली. जणू उत्तर मिळालंय अशी मान डोलावली आणि पुढे गेला. आधी लाडाने बोलला, मग चिडवलं. अरण्यात दासी नसतात, केस कोण विंचरणार, असं विचारलं तेव्हा आचारी फिसकन हसला. मग राजाचा सूर बदलला. "ज्या देवाला शोधायला तू निघालीस तो ह्या महालात येत नाही, असं तुला कुणी सांगितलं? आमच्या पापामुळे येत नाही? मग ते पाप कोणतं तेवढं सांग आणि जा."

गुणाचा चेहरा दगडासारखा होता. पण मी बाजूला बसले होते, मला त्याचा हात दिसत होता. गुडघ्यावर अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत होतं. नसलेल्या पदराचं टोक तो पिळत होता. उत्तर शोधताना राणी नेहमी तेच करायची. मी स्वामींकडे बघितलं. त्यांचीही नजर त्या बोटांवर होती.

बाबांना ते दिसलं असणारच. ते आणखी जवळ आले.

"बोलू नकोस. बोललीस की पाय निघणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि आम्हालाही."

बोटं थांबली.

मग राजा असं काही बोलला जे आख्यानात नव्हतं, आमच्या घरातलं होतं. "ह्या महालातून एक जण न सांगता गेली. दुसरीने तरी सांगून जावं."

गुणाने डोळे मिटले. माझ्याच्याने तिकडे बघवेना. मी मनात म्हणत होते, बोल रे, एकदाच बोल, आणि चल घरी. पण ओठ हलले नाहीत. श्वास खोल गेला, सावकाश बाहेर आला, आणि चेहरा पुन्हा निवला. एक शिष्य दुसऱ्याला कोपराने ढोसून हसला. ऊन अंगणात पुरतं उतरलं होतं. बाबांच्या गालांवरचा सफेदा घामाने सुटून गळ्यावर ओघळत होता. ते हरले होते, आणि हे तिथे बसलेल्या सगळ्यांना कळलं होतं.

त्यांनी शेवटचं म्हणून पद धरलं. आवाज फाटका झाला होता, तरी पट्टी सोडली नाही.

"दीप नेसी तू सवे अन् वात मागे ठेवुनी,
अंधाराला काय सांगू—"

आणि ते थांबले.

हात पुढे केलेला तसाच राहिला. तोंड उघडं. डोळे इकडेतिकडे फिरले, जसे आंधळ्या माणसाचे फिरतात. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, "अंधाराला काय सांगू," आणि पुन्हा तिथेच थांबले. दुसरा हात कपाळाला गेला. मुकुट किंचित कलला.

ह्या शांततेत कुणीतरी हळूच हसत म्हणालं, "म्हातारो इसारलो."

गोठ्याकडच्या बाईने मान खाली घातली. उन्हात, पुठ्ठ्याचा मुकुट घातलेला, रंग ओघळलेला एक म्हातारा चारचौघांत शब्द शोधत उभा होता. मी उठले. त्यांना धरून सावलीत आणायचं एवढंच मनात होतं.

तेव्हा खालून आवाज आला. राणीचा नाजूक आवाज नव्हे तो. गुणाचा स्वतःचा, बरेच दिवस न वापरलेला, घोगरा. सुरात मात्र अचूक.

"येतसे ती म्हणुनी."

बाबांचा हात खाली आला.

मग स्वामी उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही मला दिसलं नाही. गुणाला ते फक्त एवढं म्हणाले, "ठरल्याप्रमाणे. जा, कपडे बदल." गुणाने त्यांच्यासमोर डोकं टेकलं आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा अंगात मठात येताना घातलेला शर्ट आणि पँट होती, खांद्याला त्याची पिशवी. माझ्याशेजारी येऊन तो उभा राहिला. मी त्याचा हात धरला. हात थंड होता, पण त्याने सोडवून घेतला नाही. उलट जरा दाबला. गाडी किती वाजता, त्याने विचारलं. वाटेत काही खायचं का म्हणाला. तो खरंच निघाला होता.

आम्हाला हवं ते मिळालं होतं. मी खोबरेल तेल आणि फडकं घेऊन विहिरीवर गेले. बाबा काठावर बसून तोंडावरचा रंग उतरवत होते. अर्धा चेहरा राजाचा, अर्धा त्यांचा. मी तेल ओतत होते, ते चोळत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"शेवंते, तुका कळला?"

मला कळलं होतं. लगेच नाही, पण अंगणातून विहिरीपर्यंत चालत येताना कळलं होतं. दशावतारी जेव्हा खरोखर विसरतो तेव्हा तो कधीच थांबत नाही. तोंडाला येईल ते बोलतो, एक फेरी जास्त घेतो, पेटीवाल्याला सूर वाढवायची खूण करतो, मागची ओळ चौथ्यांदा म्हणतो. पण तोंड बंद ठेवत नाही. गप्प उभं राहणं हे नेहमी केलेलं असतं, झालेलं नसतं. रंगमंचावर विसरलेला माणूस दाखवायचा असेल तर कपाळाला हात लावून थांबायचं. बाबांनीच हे शिकवलं होतं, गुणाला, पेटाऱ्यावर बसलेल्या माझ्यादेखत.

"कळला," मी म्हणाले. "तुमी इसारूक नाय होतात."

ते फडक्याने गाल घासत राहिले. मग हात थांबला.

"त्येका कळला आसतला?"

मी हो म्हणाले तर काय होणार हे मला दिसत होतं. गुणा तिकडे पिशवी खांद्याला लावून उभा होता. गाडीला अजून वेळ होता. मी तेलाची बाटली खाली ठेवली.

"माका कळला तर त्येका कळूचा नाय, बाबा? तो तुमच्या समोर उभो ऱ्हायलेलो."

"मगे बोल्लो कित्याक?"

त्यांना माझं उत्तर नकोच होतं. ते विहिरीत बघत बसले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "लोक हसले, म्हणान. माका कोण हसलेला त्येका चलला नाय. सोंग आसा म्हायत आसून..." आणि तिथेच थांबले. हे थांबणं केलेलं नव्हतं.

मग उठता उठता, अगदी व्यवहारातलं काही विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मगे माका आग तू दितलंस?"

मी मान हलवली. ह्या श्रावणात ती मी दिली.

अर्ध्या रंगलेल्या चेहऱ्याने बाबा पडवीत गेले आणि स्वामींसमोर उभे राहिले. माझी संमती आहे, म्हणाले. स्वामींनी त्यांना आठवण करून दिली की तुम्ही जिंकलात, शब्द माझा आहे, मुलगा तुमचा आहे.

"होय," बाबा म्हणाले. "जिकलंय म्हणान तर देवक गावता. हरलंय आसतंय तर काय दितलंय?"

गुणा पुढे आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. नको बाबा, म्हणाला. मी शब्द दिलाय, मी बोललो, आता मी येणार; तुम्ही एकटे घरी जायचं नाही. तो खरोखर भांडायला लागला. बाबांनी ऐकून घेतलं. मग त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली.

"मी सोडतंय तुका, गुणो," ते म्हणाले. "माझ्या तोंडातसून हा एकदाच भायर पडतला. खाली पाडू नको."

गुणाने त्यांच्याकडे बघितलं. मग तो पुन्हा पंचा नेसायला आत गेला.

ओढ्यावर आम्ही दोघं पलीकडच्या काठावर बसलो. गुणाचं मुंडण झालं. त्याने पूर्वजांचे पिंड ठेवले, आईचा ठेवला, आणि शेवटी, जरा बाजूला, एक स्वतःच्या नावाचा. बाबा ते दुसऱ्या कंपनीचं नाटक बघावं तसं बघत होते, मान थोडी तिरकी, पापणी न हलवता. तो पाण्यात उतरला, अंगावरचं वस्त्र सोडून दिलं, आणि वर आला तेव्हा स्वामींनी त्याच्या अंगावर भगवी छाटी टाकली. कानात नवं नाव सांगितलं. ते आम्हाला ऐकू आलं नाही.

मग आम्हाला बोलावलं. संसारी माणसांनी आता नव्या संन्याशाला नमस्कार करायचा असतो, बापानेसुद्धा. स्वामींनी गुणाला समजावलं, बाबांनाही ऐकू जाईल अशा बेताने, की संन्यासी उलट नमस्कार करत नाही, वाकत नाही, कुणाला उठवायला हात पुढे करत नाही. समोर कोण आहे हे त्याने बघायचं नाही.

बाबा पुढे झाले. कानामागे सफेदा राहिला होता. दगडांवर पाय सांभाळत ते खाली वाकले, गुडघे टेकले, आणि त्याच्या ओल्या पावलांवर कपाळ ठेवलं. मी त्यांच्या मागेच हात जोडून उभी होते, म्हणून मला दिसलं. गुणाचे खांदे पुढे आले. दोन्ही हात बाबांच्या दंडांकडे खाली येऊ लागले.

तेव्हा पावलांजवळून, कपाळ न उचलता, बाबा बोलले. नवख्या नटाला रंगमंचावर सावरताना, प्रेक्षकांना कळू न देता ते ज्या आवाजात बोलायचे, त्याच आवाजात.

"उभो रव. हलां नको."

तो उभा राहिला.